आवडला म्हणून खरा नव्हे

वाचकहो, या महिन्याची सुरुवात आमच्या एका चुकीच्या कबुलीने करतो.

एप्रिल २०२४. लोकसभा निवडणुकीचे दिवस. आमच्या खानदानाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात रत्नागिरीचे, मुंब्र्याचे, पुण्याचे आणि कुवेत-दोह्याला नोकरीला असलेले मिळून साठेक जण. एका रात्री जेवणानंतर त्यावर आमिर खानचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आला. प्रत्येकाच्या खात्यात पंधरा लाख असायला हवे होते, ते गेले कुठे, असा त्यात सवाल आणि शेवटी काँग्रेसला मत देण्याचे आवाहन. चेहरा त्याचा, आवाजही त्याचाच. बोलणे आम्हाला पटले आणि दोन मिनिटांत आम्ही तो आणखी तीन ग्रुपवर पाठवून मोकळे झालो.

नंतर बातमी वाचली. तो व्हिडिओ बनावट असल्याची तक्रार आमिर खानने मुंबई पोलिसांकडे केली होती. पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत आपण कोणत्याही पक्षाचा प्रचार केलेला नाही, असा त्याच्यातर्फे खुलासा आला. 'सत्यमेव जयते' या त्याच्या कार्यक्रमाच्या जुन्या जाहिरातीवर यंत्राने तयार केलेला आवाज चढवला होता. त्याच सुमारास रणवीर सिंगचाही तसाच व्हिडिओ फिरला. वाराणसीच्या मूळ मुलाखतीत त्याने पंतप्रधानांची स्तुती केली होती. बनावट व्हिडिओत तोच माणूस, त्याच कपड्यांत, महागाई आणि बेरोजगारीवरून टीका करत होता.

हे आम्ही घरात सांगितले तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, "बेटा, हा खरा आहे असं तुला सांगितलं कोणी?" आमच्याकडे जवाब नव्हता. कुणीच सांगितले नव्हते. आमच्या मनातले तो बोलला, एवढाच काय तो पुरावा.

हे तंत्र आपल्या देशाच्या निवडणुकीत आले कसे, ते आधी पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्ली विधानसभेच्या वेळी भाजपचे मनोज तिवारी यांचा हरयाणवी बोलीतला व्हिडिओ पक्षाने पसरवला. तिवारींनी तो त्या बोलीत कधी बोललाच नव्हता. मूळ हिंदी व्हिडिओतले ओठ यंत्राने नव्या शब्दांबरोबर हलवले होते. पुढे गेलेली माणसेही बोलू लागली. करुणानिधी २०१८ मध्ये वारले. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या एका समारंभात ते पडद्यावर येऊन शुभेच्छा देत होते. पुढच्याच महिन्यात, २०१६ मध्ये निधन पावलेल्या जयललितांचा आवाज त्यांच्या पक्षाने ऐकवला.

यात सगळेच वाईट असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीत पंतप्रधान हिंदीत बोलत असताना तमिळ पाहुण्यांनी 'भाषिणी' या सरकारी यंत्रणेतून ते भाषण तमिळमध्ये ऐकले. लहान पक्षाच्या उमेदवाराला चार भाषांत चार पैशांत बोलता येत असेल तर बरेच आहे. पण बोलणाऱ्याची परवानगी हवी आणि ऐकणाऱ्याला ते यंत्राचे आहे हे कळायला हवे. या दोन अटी सुटल्या की ती फसवणूक झाली.

आपल्या महाराष्ट्राने याचा अनुभव २०२४ च्या विधानसभेला घेतला. मतदान २० नोव्हेंबरला होते. १९ च्या रात्री भाजपने काही ध्वनिफिती प्रसृत केल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले बिटकॉइनच्या पैशांबद्दल बोलत आहेत, असा त्यांचा दावा होता. सुळे यांनी आवाज आपला नसल्याचे सांगून तक्रार केली. 'बूम' या तथ्य तपासणाऱ्या संस्थेने चाचणी केली, तेव्हा त्यातले काही आवाज यंत्राने बनवलेले असल्याचा निष्कर्ष निघाला. पण वेळ पाहा. सकाळी सात वाजता मतदान सुरू. खुलासा किती जणांपर्यंत पोचला असेल? खोट्याला एक रात्र पुरते.

हे एकाच पक्षाचे काम आहे असे समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहार काँग्रेसने पंतप्रधान आणि त्यांच्या दिवंगत आईचा यंत्राने बनवलेला व्हिडिओ टाकला. पाटणा उच्च न्यायालयाने तो काढायला लावला. कुणाच्याही मरहूम आईला प्रचारात ओढणे आपल्या घरात कुणाला पसंत पडेल?

आता ज्या व्हिडिओने आमची झोप उडवली त्याकडे येतो. त्याच सप्टेंबरात आसाम भाजपच्या अधिकृत खात्यावर तो आला. विषय होता, भाजप नसेल तर आसाम कसा दिसेल. टोपीतले पुरुष, बुरख्यातल्या बाया, चहाचे मळे, विमानतळ, रंग घर, जिकडे तिकडे मुसलमानांचा कब्जा. पडद्यावर मुस्लिम लोकसंख्या नव्वद टक्के दाखवली होती. २०११ च्या जनगणनेत आसामात मुस्लिम ३४ टक्के आहेत. व्हिडिओ काढून टाकावा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने नोटीस काढली.

आमिर खानचा व्हिडिओ आणि हा, यांत मोठा फरक आहे. पहिला 'मी खरा आहे' असे भासवत होता. खरे कळले की त्याचा जीव गेला. आसामचा व्हिडिओ खरा असल्याचा दावाच करत नाही. 'असे होईल' म्हणून भीती दाखवतो. त्याची तथ्यतपासणी करून काय करणार? तो यंत्राचा आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरीही टोपीवाल्याला पाहून दचकायची सवय डोळ्यांना लागते.

पूर्वी अशी फिल्म काढायची तर माणसे लागत. नट, कपडेपट, कॅमेरावाला. त्यातला एखादा तरी म्हणाला असता, हे मी करणार नाही. आता कुणालाच विचारावे लागत नाही. वाक्य लिहिले की गर्दी तयार. शिवाय त्या गर्दीतला चेहरा कुणाचाच नसतो. मग माझी बदनामी झाली म्हणून ठाण्यात जाणार कोण? चेहरा कुणाचाच नाही, पण जखम मात्र टोपी घालून एसटीत बसणाऱ्या प्रत्येकाची.

नियम आहेत. ६ मे २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. जानेवारी २०२५ मध्ये यंत्राच्या मजकुरावर तशी चिठ्ठी लावायला सांगितले. बिहारच्या निवडणुकीआधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती चिठ्ठी दिसणाऱ्या भागाच्या किमान दहा टक्के असावी असे ठरले. चांगलेच आहे. पण आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यावर लागते आणि व्हिडिओ बारा महिने फिरतात. आसामचा व्हिडिओ निवडणूक जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधीचा. आणि एकाने फोनवर उतरवून दुसऱ्याला पाठवताना चिठ्ठीचा भाग कापला, तर तीन तासांचा हिशेब कुणाला मागायचा?

आणखी एक धोका आहे. असे व्हिडिओ बनवून देणाऱ्या राजस्थानच्या एका व्यावसायिकाने पत्रकारांना सांगितले होते की काही प्रचारवाले आपल्याच उमेदवाराचा मुद्दाम कच्चा बनावट व्हिडिओ मागतात. का? उद्या त्याचा खराखुरा अडचणीचा व्हिडिओ बाहेर आला तर 'तोही बनावटच' म्हणता यावे म्हणून. म्हणजे सगळ्यावर विश्वास ठेवणारा फसतो, आणि कशावरच विश्वास न ठेवणाराही फसतो. त्याच्यापुढे खरा गुन्हेगारही सुटतो.

मग घरात करायचे काय? हात, दात, बोटे मोजून बनावट ओळखा, असे सल्ले आम्ही देणार नाही. यंत्रे दर महिन्याला सुधारत आहेत. आज चुकणारी बोटे उद्या बरोबर येतील. त्याऐवजी आमच्या घरात आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत.

जो व्हिडिओ पाहून राग उसळतो किंवा फार आनंद होतो, तो त्या रात्री पुढे पाठवायचा नाही. सकाळी फजरनंतर पाहू. नेता खरेच तसे बोलला असेल तर कुठे, कधी, कोणत्या सभेत, हे शोधायचे. दोन-तीन वर्तमानपत्रांत काहीच नसेल तर थांबायचे. 'खरं आहे का बघा' असे लिहूनही ग्रुपवर टाकायचे नाही, कारण त्यानेही तो पसरतोच. विचारायचे तर एकाच जाणकाराला विचारायचे. आणि चुकून पाठवलाच, तर जिथे पाठवला तिथेच चूक कबूल करायची.

तहकीक केल्याशिवाय खबर मानू नये ही सूरह हुजुरातची ताकीद आपल्या घरांना नवी नाही. आपल्याविरुद्धची खबर आली की आपल्याला ती लगेच आठवते. आपल्याला आवडणारी खबर आली की मात्र विसर पडतो. आसामच्या व्हिडिओवर रागावण्याचा आपला हक्क तेव्हाच भक्कम होतो, जेव्हा आमिर खानच्या व्हिडिओवर आपण हात आवरलेला असतो.

कबुली अजून पूर्ण झालेली नाही. चूक कळल्यावर तीनपैकी दोन ग्रुपवर आम्ही खुलासा टाकला. तिसरा मोहल्ल्याचा ग्रुप. तिथे बुजुर्ग आहेत, हसतील म्हणून गप्प बसलो. हा लेख लिहायला घेण्याआधी, इतक्या उशिरा, तिथेही लिहून टाकले. कुणी हसले नाही. एका चाचांनी मात्र लिहिले, "आम्ही तो अजून खराच समजत होतो."