कुंपणाआतले नागरिकत्व

कर्जतहून खोपोलीकडे निघालेल्या लोकलचा पहिला थांबा पळसदरी. १८५६ साली रेल्वे येथून खोपोलीला पोहोचली, १८६३ साली बोरघाट चढून गेली, आणि तेव्हापासून या टापूचे मुंबईशी नाते जडले. ते नाते प्रामुख्याने पुरवठादाराचे राहिले आहे. लाकूडफाटा, गवत, कोळसा, भात हे तर गेलेच. शिवाय खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. आता मुंबईला येथून हवी आहे ती जमीन. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाला २०१६ साली मंजुरी मिळाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि कर्जत-खालापूरच्या माळांवर व वरकस जमिनींवर नियोजित वसाहतींच्या पाट्या उभ्या राहिल्या.

प्रस्तुत लेखक निवृत्तीनंतर पळसदरी परिसरातील अशाच एका वसाहतीत सपत्नीक राहतो. त्यामुळे हे लिखाण बाहेरून दगड मारण्याच्या भूमिकेतून केलेले नाही. दादरच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला रुंद पदपथ, झाकलेली गटारे, रस्त्यावरचे न विझणारे दिवे आणि पहाटेची शांतता यांचे मोल कळते. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला वाहनांच्या भीतीशिवाय फेरफटका मारता येतो, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नियोजनावर ज्यांनी आयुष्यभर व्याख्याने दिली त्यांनी नियोजित रस्त्याला नाक मुरडणे शोभतही नाही. एक विचित्रपणा मात्र लगेच ध्यानात येतो. सोमवारी सकाळी निम्म्याहून अधिक घरांना कुलपे असतात, आणि पुढचे पाच दिवस वसाहतीत उरतात ते पहारेकरी, माळी आणि आमच्यासारखी म्हातारी माणसे.

चार महिन्यांपूर्वी रहिवाशांच्या सभेत मागचे फाटक कायमचे बंद करण्याचा ठराव आला. या फाटकातून पलीकडच्या कातकरी वाडीची वाट जाते. वाडीतल्या बाया त्याच वाटेने स्टेशन गाठतात, आमच्या घरी धुण्याभांड्याला येतात, आणि अलीकडच्या अंगाला असलेल्या आपल्या नाचणी-वरीच्या तुकड्यावर जातात. फाटक बंद झाल्यास त्यांना दोन-अडीच किलोमीटरांचा वळसा पडतो. कारण सांगण्यात आले ते सुरक्षिततेचे. चोरी एकही झालेली नव्हती. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विरोधात आम्ही तिघे. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आमचे शेजारीही होते. हा गृहस्थ वाडीतल्या दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च स्वतः करतो. त्याला निर्दय म्हणण्याची आमची छाती होणार नाही. सभेनंतर तो म्हणाला, “सर, रस्त्याचे पैसे आपण भरतो.”

या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. दरमहा देखभालखर्च देतो म्हणून रस्ता आपला, हा हिशेब वरवर चोख दिसतो. परंतु माळाच्या जमिनीला आजचा भाव कोणी आणला? बांधकाम करणाऱ्याने गटारे बांधली हे खरे; पण रेल्वे, द्रुतगती महामार्ग आणि विमानतळ यांनी जो भाव वाढला तो समाजाच्या पैशाने वाढला. १८९८ साली एबेनेझर हॉवर्डने उद्याननगरीची कल्पना मांडली तिचा गाभा झाडे आणि बगीचे हा नव्हताच. जमीन सामाईक मालकीची असावी आणि वस्ती वाढल्याने होणारी भाववाढ त्याच वस्तीच्या सार्वजनिक कामांना आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला मिळावी, हा त्याचा मुख्य आग्रह होता. १९०३ साली सुरू झालेल्या लेचवर्थमध्ये भागधारकांच्या लाभांशावर म्हणूनच ५ टक्क्यांची मर्यादा होती. आमच्या बिल्डरांनी हॉवर्डचे बगीचे तेवढे घेतले.

आपल्याकडे या विचाराच्या जवळपास गेला तो नवी मुंबईचा प्रयोग. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली तो सुचवला, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि जमिनीच्या वाढत्या किमतीतून शहर उभारावे असे ठरले. पण भाववाढीतला मूळ मालकाचा वाटा कोणी गृहीत धरला नव्हता. तो मागण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तेथे निदान मागणी करण्यासाठी समोर सरकार होते. खाजगी वसाहतीत मागणी कोणाकडे करावयाची?

शासनाने २००४-०५ पासून विशेष नगर वसाहतींना आणि डिसेंबर २०१६ च्या धोरणाने एकात्मिक नगर वसाहतींना मार्ग मोकळा केला. सलग ४० हेक्टर जमीन जमवणाऱ्याला सवलती मिळतात. त्या बदल्यात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी मूळ चटईक्षेत्राच्या १५ टक्के इतका हिस्सा त्याने बांधावयाचा असतो. मुळशीकडे लवासाच्या बाबतीत तर २००८ साली एका खाजगी कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार देण्यात आले. ते काढून घ्यावयास २०१७ साल उजाडले. आमची वसाहत एवढी मोठी नाही. वृत्ती मात्र तीच. येथे आम्ही ग्राहक असतो. नळ बिघडला तर तक्रार नोंदवता येते, फाटकाविषयी मत देता येते. पण त्या मतदानात फाटकाबाहेरच्याला स्थान नसते.

वास्तविक कायद्याने आम्ही सारे ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतो. तरीही बहुतेक शेजाऱ्यांची नावे मुंबईच्या मतदारयादीत आहेत, आणि ग्रामसभा कोठे भरते हेही त्यांना ठाऊक नाही. पंचायतीची घरपट्टी आणि वसाहतीचा देखभालखर्च असा दुहेरी भार पडतो ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण ती ग्रामसभेत मांडावी लागेल, आणि तेथे वाडीतली बाईही बोलेल. “वाट तुमच्या घरांच्या आधीची हाये,” असे ती आमच्या स्वयंपाकघरात म्हणालीच आहे.

तिला उत्तर देणे सोपे नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळे जमिनीची मालक झाली. कितीतरी कातकरी वाड्यांत घराखालची जागादेखील रहिवाशांच्या नावावर झाली नाही. या पट्ट्यातील कातकऱ्यांच्या विस्थापनावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचे २०१३ साली पुस्तकच प्रसिद्ध झाले आहे. ज्याच्या नावावर सातबारा त्याने जमीन विकली, विकत घेणाऱ्याने कुंपण घातले. यात कोणी कायदा मोडला नाही, आणि तरीही वाडी अडकली.

आमचे म्हणणे एवढेच आहे की वसाहतीतील मुख्य रस्ते सार्वजनिक म्हणून नोंदले जावेत, देखभालनिधीचा हिशेब ग्रामसभेसमोर ठेवला जावा, आणि येथे राहणाऱ्याने येथेच मतदार व्हावे. शासनाकडून हे कधी होईल ते होवो. वाटेचा प्रश्न तोवर थांबणार नाही. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मुदत सहा महिन्यांची. फाटकाला कुलूप ठराव झाला त्याच आठवड्यात पडले. वाडीतल्या सात बायांचे अंगठे अर्जावर झाले आहेत. वाट पूर्वापार वापरात होती हे सांगणारा साक्षीदार कुंपणाच्या आतला असेल तर बरे, असे वकिलांचे मत पडले. प्रस्तुत लेखकाने सही केली आहे. दुसरी सही शेजाऱ्यांकडे मागितली. कागद त्यांनी ठेवून घेतला आहे.