धरणाचे पाणी शुद्ध, मग नळाचे का नाही?

पावसाळा लागला की वस्तीतल्या दवाखान्यासमोरची रांग वाढते. जुलाब, उलट्या, टायफॉइड, कावीळ. घरात दोष येतो तो बाईच्या माथी. हात धुतले नसतील, हंडा घासला नसेल, पोराला बाहेरचे खायला दिले असेल. घरात स्वच्छता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण गटाराची घाण नळातच शिरली असेल तर लख्ख घासलेल्या हंड्याचा काय उपयोग? म्हणून आमचे म्हणणे असे की, आधी नळाकडे बघा.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांचे पाणी शहराला मिळते. भांडुप आणि पांजरापूर येथील मोठ्या केंद्रांत गाळ बसवून, पाणी गाळून, त्यात क्लोरीन मिसळतात. तिथून निघते ते पाणी पिण्यालायक असते. ते बिघडते वाटेत, आणि आपल्याकडे बहुतेकदा शेवटच्या शे-दोनशे फुटांत.

कारण साधे आहे. मोठ्या वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप बहुतेक ठिकाणी रहिवाशांनीच पैसे काढून टाकलेला असतो. गल्लीत जागा नसते म्हणून असे दहा-वीस पाइप एकत्र गटारातून नेलेले असतात. काही वर्षांत ते गंजतात, सांध्यात ढिले होतात. पाणी जोरात चालू असते तोवर ते फटीतून बाहेर गळते. पण पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की तेच आधी आपल्या हंड्यात पडते. दिवसातून दोन-तीन तासच पाणी येणाऱ्या वस्तीत हा खेळ रोजचा आहे.

पाणी कमी तासच का येते, हेही विचारले पाहिजे. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, असा पालिकेचा हिशेब राहिला आहे. शहर एक, तलाव तेच, पण माणसामाणसांत तिप्पट फरक.

हक्क कागदावर असणे आणि पाणी ओंजळीत येणे यात किती अंतर असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले. आजही तसेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, पाणी हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्या निकालाचा अर्थ आम्ही असा घेतो की, पाणी मिळाले पाहिजे आणि ते पिता आले पाहिजे.

एक गोष्ट आपल्या आपल्यातही बोलली पाहिजे. दाब कमी म्हणून काही घरे नळाला थेट मोटार लावतात. मोटार शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते, आणि ओढ बसली की फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणीही ओढते. ज्याने मोटार लावली त्याच्या घरात ते जातेच, शिवाय सगळ्या ओळीत जाते. अदिन्नादाना, म्हणजे न दिलेले घेऊ नये, हे शील आपण विहारात रोज म्हणतो. ते नळावरही पाळले पाहिजे.

पाइप दुरुस्त होईपर्यंत काय करावे? नळ सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये, ते धुण्या-सांडायला वापरावे. पिण्याचे पाणी फडक्याने गाळून चांगली उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळावे. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. औषधाचा वास आला म्हणून नाक मुरडू नये. तो वास म्हणजे पाण्यावरचा पहारा आहे. पिंपाला तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. तलावाच्या या पाण्यात क्षार कमीच असतात, त्यासाठी कर्ज काढून आरओ मशीन घेण्याची गरज नाही. आणि जार थंड आहे म्हणजे शुद्ध आहे, असेही नाही.

जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएस द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. गरोदर बाईला कावीळ झाली तर झाडपाल्यात एक दिवसही घालवू नये. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते. तिला थेट रुग्णालयात न्यावे.

पण उकळणे हा तात्पुरता उपाय आहे. पालिकेचे काम आपल्या चुलीवर ढकलून चालणार नाही. भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये, आणि क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असले पाहिजे. हे माप आपल्या नळावर लागू आहे का, हे आपण विचारायचे आहे.

म्हणून येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच बसून गल्लीवार यादी करावी. कोणाचा पाइप गटारात आहे, कोणत्या घरी गेल्या महिन्यात जुलाब किंवा कावीळ झाली, पाणी किती वाजता येते, त्याला वास येतो का. महिला मंडळाने ही यादी आणि सर्वांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मागण्या तीनच. नमुना आमच्या नळावरून घ्या आणि अहवाल लेखी द्या. गटारातले पाइपांचे जुडगे काढून गल्लीतून एकच मोठी वाहिनी पालिकेच्या खर्चाने टाका. पाण्याचा दाब आणि तास वाढवा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात तीस दिवसांत मागावे. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. दोनशे घरांचा अर्ज बाजूला ठेवणे साहेबालाही जड जाते.