कळीचे शब्द

बडोद्याच्या निजामपुरा वस्तीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. मूळचे ते वसईकडील. त्यांची कन्या विद्यापीठात शिकते. मध्यंतरी आम्ही त्यांच्या घरी गेलो असता ती खिन्न मुद्रेने बसलेली आढळली. उत्तर कोकणातील पोर्तुगीज अमलाचा ग्रामजीवनावर काय परिणाम झाला, या विषयावर तिला निबंध सादर करावयाचा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती. ती म्हणाली, “काका, मोठ्या हौसेने आपल्या वसईचा विषय घेतला, पण ग्रंथालयाच्या तालिकेत आपल्याविषयी काहीच नाही. विषय बदलावा म्हणते.”

हे शब्द आमच्या मनाला लागले. आपल्या पूर्वजांची कोणी नोंदच घेतली नाही, अशी समजूत करून घेऊन एका होतकरू मुलीने माघार घ्यावी, हे आम्हांस बरे वाटेना. शोध कसा घेतला, असे विचारता कळले, की तिने निबंधाचा मथळाच्या मथळा संगणकावर उतरविला होता. वस्तुतः तालिका आपले वाक्य समजून घेत नाही. ती केवळ शब्दाशी शब्द ताडून पाहते. जितके शब्द अधिक, तितकी जुळणी कठीण.

मग आम्ही तिच्यासह कागद घेऊन बसलो. मथळ्यातून तीनच कळीचे शब्द निवडले: वसई, पोर्तुगीज, गाव. प्रत्येकाखाली त्याची भावंडे लिहिली. इंग्रजी ग्रंथांत वसईला दीर्घकाळ ‘बॅसीन’ म्हणत. पोर्तुगीज तिला ‘बसाईं’ म्हणत आणि या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ असे त्यांचे नाव होते. जर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील 1876 चा ग्रंथ घ्या. त्याच्या इंग्रजी नावात ‘बॅसीन’ आहे, ‘वसई’ नाही. केवळ ‘वसई’ शोधणाऱ्यास तो कसा सापडावा? बडोद्याचेही तसेच. 1974 साली शहराचे अधिकृत नाव ‘वडोदरा’ झाले. पण जुन्या ग्रंथांत ‘बरोडा’च भेटते.

भावंडांमध्ये ‘किंवा’ घालावा, म्हणजे जाळे रुंद होते; निरनिराळ्या मुद्द्यांमध्ये ‘आणि’ घालावा, म्हणजे ते आवळले जाते. इंग्रजी तालिकेत हे शब्द अर्थात इंग्रजीतच लिहावयाचे. दोन-तीन शब्द एकत्रच हवे असतील, तर ते अवतरणचिन्हांत ठेवावे. नुसते ‘बॅसीन’ लिहिताच ब्रह्मदेशातील त्याच नावाच्या बंदराची पुस्तकेही पुढे आली! तेथे ‘नको’ या अर्थाचा शब्द लावून ‘बर्मा’ वगळला. वसईचे तहही दोन: एक 1534 चा, ज्याने वसई पोर्तुगीजांकडे गेली, दुसरा 1802 चा, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला. म्हणून सालही पाहावे लागते. एक उपयुक्त ग्रंथ सापडला, की त्याच्या नोंदीतील विषयशीर्षके टिपून घ्यावी. तीच पुढील शोधाची किल्ली. आणि कपाटापाशी गेल्यावर शेजारची पुस्तकेही चाळावी.

दोन घटकांत तिची वही नोंदींनी भरली. चेहरा उजळला, हे सांगणे नलगे.

बडोद्यात हे घडावे, यात एक औचित्य आहे. 1910 साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणून संस्थानभर ग्रंथालये उभारण्याचे काम सोपविले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ग्रंथ सामान्य माणसाच्या हाती पडावा, हीच त्यामागील तळमळ. परंतु ग्रंथ दाराशी आला, तरी तो मागावा कसा, हे मागणाऱ्यासच शिकावे लागते.

आईबापांनो, आम्हांस हे शास्त्र कळत नाही, असे म्हणून बाजूस होऊ नका. त्या कागदावरील काही शब्द आम्ही सुचविले. पण गावाची, पाखाड्यांची, पिकांची जुनी नावे सांगितली ती मुलीच्या आजीने. त्या माउलीने ग्रंथालयाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी असे कितीतरी शब्द आहेत. मुलांनी ते विचारावे आणि वेळीच लिहून ठेवावे.

निबंध मुदतीत सादर झाला. विषय बदलावा लागला नाही.