चिठ्ठी निघाली नाही, त्यांनाही विचारा

मे महिना आला की शिबिरांचं नुसतं पेव फुटतं. रोबो बनवा, दुर्बीण बनवा, मातीकाम शिका, चार दिवसांत इलेक्ट्रॉनिक्स! हल्ली या सगळ्याला मिळून 'स्टीम' म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित, या पाचांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून झालेला हा शब्द. वाफेशी त्याचा काही संबंध नाही बरं का! शेवटच्या दिवशी हातात एक कागद येतो. 'शिबिर कसं वाटलं?' खाली हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची रांग. तुम्ही सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर खूण करता, प्रमाणपत्र घेता आणि घरी पळता. पुढच्या वर्षी जाहिरात येते, 'मुलं भविष्यासाठी तयार झाली!'

आवडलं हे खरं. पण 'तयार झाली' हे कुणी मोजलं? आणि कशानं?

कुणी म्हणेल, सोपं आहे. शिबिराआधी परीक्षा घ्या, वर्षानं पुन्हा घ्या. ठीक आहे. मग शिबिराआधी तुमची उंचीही मोजा आणि वर्षानं पुन्हा मोजा. वाढलेली असेलच! म्हणून काय शिबिरानं उंची वाढते? वर्षभरात तुम्ही शाळेत शिकलात, दादाच्या सायकलची चेन बसवलीत, मोठे झालात. त्यातलं शिबिराचं किती?

बरं, मग शिबिराला गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना करू. इथेही गोची आहे. शिबिराला नाव कोण घालतं? ज्याला मुळातच आवड आहे, ज्याच्या घरी फी भरायला पैसे आहेत, ज्याची आई आठवणीनं फॉर्म आणते. असा मुलगा शिबिराशिवायही पुढे गेला असता, नाही का?

यातून वाट काढली ती अमेरिकेत. तिथे 'करिअर अकॅडमी' नावाचा प्रकार आहे. पहिली निघाली १९६९ साली, फिलाडेल्फियातल्या एका हायस्कुलात, आणि तिचा विषय होता वीजकाम. मोठ्या शाळेच्या पोटात ही एक छोटी शाळा. दीड-दोनशे मुलं तीन-चार वर्षं त्याच त्या शिक्षकांकडे शिकतात. नेहमीचे विषय असतातच, पण जोडीला एक व्यवसाय घेऊन त्याभोवती शिकायचं आणि खऱ्या कामाच्या ठिकाणी जाऊन यायचं. कुठे इलेक्ट्रॉनिक्स, कुठे आरोग्य, कुठे पर्यटन. फ्लोरिडात कोको नावाच्या गावी तर चक्क विमानं आणि अवकाशयानं. अग्निबाण उडतात ते केप कॅनाव्हेरल तिथून जवळच!

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एमडीआरसी या संशोधन संस्थेनं अशा नऊ शाळा मोजायला घेतल्या. जागा कमी आणि अर्ज जास्त, मग चिठ्ठ्या टाकल्या. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी सोडत काढतात ना, तसंच. एकूण १,७६४ मुलं-मुली होती. ९५९ जणांचं नाव निघालं, ८०५ जणांचं नाही. अर्ज दोघांनीही केला होता, म्हणजे आवड दोघांनाही होती. फरक काय तो नशिबाचा. आता पुढे दोन गटांत जे अंतर पडेल, ते बहुतांशी अकॅडमीमुळेच, असं म्हणता येतं.

'पण हा अन्याय नाही का?' असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. जागा वाढणार नव्हत्याच. मग ओळखीपाळखीनं आत जाण्यापेक्षा चिठ्ठी बरी, असं मला वाटतं.

निकाल मोठे गमतीचे लागले. आधी परीक्षेचे गुण पाहिले. दोन्ही गटांत फरक नाही! मग पाहिलं, शालेय शिक्षण पुरं किती जणांनी केलं? अकॅडमीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी. वा! पण थांबा. चिठ्ठी न निघालेल्यांतही नव्वद टक्क्यांहून जास्तच. ते ८०५ जण मोजलेच नसते, तर या यशाचा सगळा हार अकॅडमीच्या गळ्यात पडला असता. तुमचं नाव कधी अशा यादीत आलं नसेल, तर हा आकडा जरा पुन्हा वाचा.

मग काय, पैसे पाण्यात? कुणी तिथेच वही मिटली असती, तर असंच लिहिलं असतं. पण संशोधक मुलांच्या मागावर राहिले. शाळा संपून आठ वर्षं झाली, मुलं सव्विशीच्या आसपास पोचली, तेव्हा पुन्हा विचारलं, कमाई किती? २००८ च्या अहवालात उत्तर आलं. चिठ्ठी निघालेल्यांनी वर्षाला सरासरी २,०८८ डॉलर जास्त मिळवले होते, म्हणजे ११ टक्के जास्त. जे गुणपत्रिकेत दिसलं नाही, ते पगारात दिसलं!

हा फायदा मुख्यतः मुलग्यांना झाला. त्यांचा १७ टक्के. मुलींच्या कमाईत खात्रीनं सांगावा असा फरक सापडला नाही. सरासरीचा एकच आकडा सांगून गप्प बसणारे लोक असतात, त्यांना ही गोष्ट ऐकवा. 'कुणाचा फायदा?' हे विचारल्याशिवाय मुलींचं कळलंच नसतं.

तुमच्या शाळेतही हे करून बघता येईल. समजा, इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात २० जागा आहेत आणि नावं आली ४५. सरांना सांगा, चिठ्ठ्या टाकू या. वर्षानं पंचेचाळीसही जणांना बंद पडलेली विजेरी दुरुस्त करायला द्या. तपासणाऱ्याला मात्र कोण वर्गात होतं ते कळू द्यायचं नाही, नाहीतर लाडक्या विद्यार्थ्याला गुण जास्त पडतात! ४५ म्हणजे फार थोडी मुलं, तेव्हा थोडाथोडका फरक दिसला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. लगेच बोर्डावर लिहू नका, दोन-तीन वर्षं करत राहा. आणि नाव न निघालेल्या पंचविसांचे पत्ते वहीत आजच उतरवा. कुणी मधेच शाळा बदलली, तर शोधायला तेच लागतील.