आयत्या बिळावर नागोबा
तंत्रज्ञानाच्या धंद्यात काहीही न बनवता कोट्यवधी कमावता येतात, हे एनटीपी या कंपनीने २००६ साली दाखवून दिले. व्हर्जिनियातल्या या कंपनीने ना फोन विकले, ना कुणाचे ईमेल पोहोचवले. तिच्यापाशी होती ती बिनतारी ईमेलची काही पेटंट. त्यांच्या जोरावर तिने ब्लॅकबेरीवाल्या 'रिम'ला कोर्टात खेचले आणि अमेरिकेतली ब्लॅकबेरी सेवाच बंद पडण्याची वेळ आणली. गंमत म्हणजे, अमेरिकेचे पेटंट कार्यालय तीच पेटंट फेरतपासणीत नाकारत चालले होते. पण कोर्ट तोवर थांबायला राजी नव्हते. अखेर रिमने ६१.२५ कोटी डॉलर मोजून सुटका करून घेतली. इंटरनेटवर डोमेन नावे अडवणाऱ्यांची चालही हीच, भांडवल मात्र किरकोळ: दुसऱ्याच्या नावाचा पत्ता चार पैशांत आपल्या नावे नोंदवायचा आणि खरा धनी दाराशी येईपर्यंत बसून राहायचे. त्यांच्याविरुद्ध १९९९ पासून 'यूडीआरपी' ही लवादासारखी आंतरराष्ट्रीय सोय आहे. आपल्याकडे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण दिले. पेटंटबाबतही आपला कायदा शहाणा आहे. पेटंट मिळून तीन वर्षे उलटली आणि तो शोध भारतात वापरात आलाच नाही, तर दुसऱ्याला सक्तीचा परवाना मागता येतो. मालकी सांगायची तर आधी काम दाखवा, हा न्याय अमेरिकेनेही उचलायला हरकत नाही.