किल्ली कोणाच्या हातीं?

बैल आणि मोटार ह्या दोन वाहनांतील सर्वांत मोठा भेद आमच्या मतें वेगाचा नसून ओळखीचा आहे. बैलास आपला धनी कळतो. परक्या मनुष्यानें कासरा धरिला तर तो फुरफुरतो, मान हालवितो, प्रसंगीं शिंगेंहि रोखतो. मोटारीस धनी कळत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली, त्याची आज्ञा ती निमूटपणें पाळते. ह्यामुळें जो प्रश्न पूर्वीं बैल स्वतःच सोडवीत असे, तो आतां माणसांस सोडवावा लागतो. तो प्रश्न असा कीं, किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, आणि ज्यानें ती घेतली त्यानें ती कशी सांभाळावी?

आमच्या हुडकेश्वरांत हा प्रश्न आतां नित्याचा होऊन बसला आहे. एके काळचें हें खेडें आज नागपूर महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे. जेथें पऱ्हाटी व तूर उभी असे तेथें वसाहती उठल्या, आणि वसाहतींमागून लग्नसमारंभांचीं लॉन आलीं. तुळशीचें लग्न आटोपलें कीं तेथें दिव्यांच्या माळा लागतात, आणि सायंकाळीं मोटारींची अशी रीघ लागते कीं रस्ता बंद होतो. यजमान मग एक युक्ति योजितो. तो दारांत चारदोन तरुण उभे करितो. पाहुण्यानें दारांत उतरावें, मोटार त्यांच्या स्वाधीन करावी, बिल्ला घ्यावा आणि खुशाल आंत जावें. ह्या सोयीस ‘व्हॅले पार्किंग’ असें म्हणतात. ‘व्हॅले’ हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ खासगी सेवक असा आहे. म्हणजे ज्याच्या घरीं एकहि नोकर नाहीं, त्यासहि दोन मिनिटें सरदारकी भोगावयास मिळते. ह्या दोन मिनिटांच्या सरदारकीचे पुढें जे परिणाम होतात, ते पाहण्यासारखे असतात.

प्रथम बिल्ल्यांची गोष्ट. एका समारंभांत पत्र्याचे गोल बिल्ले केले होते व त्यांवर इंग्रजी आंकडे रंगविले होते. इंग्रजी सहा उलटा धरिला कीं नऊ होतो, हें पहिलींतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु रात्रीं ११ वाजतां, सारे पाहुणे एकदम ‘माझी गाडी, माझी गाडी’ म्हणून ओरडूं लागले असतां तें कोणास आठवणार? सहाच्या मालकास नऊची मोटार मिळाली. दोन्ही मोटारी पांढऱ्या, दोन्ही एकाच घडणीच्या. सहाचें कुटुंब म्हाळगीनगरच्या चौकापर्यंत गेलें, तेव्हां मागें बसलेल्या धाकट्या मुलीनें विचारिलें, ‘बाबा, आपल्या गाडींतला गणपति कोठें गेला?’ इकडे नऊचे मालक आपली मोटार चोरीस गेली म्हणून पोलीसठाण्याची वाट विचारीत होते.

दुसरी गोष्ट एका वृद्ध आत्याबाईंची. प्रवासाच्या शिणानें त्या मागील आसनावर निजल्या होत्या. मंडळी उतरली. प्रत्येकास वाटलें, आत्याबाई दुसऱ्या कोणाबरोबर आंत गेल्या असतील. तरुणानें मोटार नेऊन शेजारच्या शेतांत उभी केली, दिवे मालवले, आणि तोंच मागून ‘कोण रे तूं?’ असा खणखणीत प्रश्न आला. तो बिचारा दार उघडें टाकून जो पळाला, तो मांडवांत येऊन थांबला. पुढें आत्याबाईंस मोठ्या मानानें आणण्यांत आलें, आणि त्या रात्रीं नवरानवरीपेक्षां त्यांच्याच भोंवतीं अधिक गर्दी झाली.

आतां नव्या मोटारींचा प्रताप ऐका. कांहीं मोटारींची किल्ली फिरवावी लागत नाहीं. ती जवळ असली कीं पुरे. कळ दाबतांच यंत्र सुरू होतें. असे एक गृहस्थ चालू मोटारींतून उतरले, आणि किल्ली खिशांत घेऊनच आंत गेले. किल्ली दूर गेली तरी चालू यंत्र चालूच राहतें. परंतु एकदां बंद केलें कीं किल्लीवांचून पुन्हां सुरू होत नाहीं. समोर गर्दी दिसली म्हणून तरुणानें फाटकांतच यंत्र बंद केलें. इतक्यांत मागून वाजंत्री, घोडा आणि नवरदेव येऊन ठेपले. मोटार पुढें जाईना, वरात मागें जाईना. ध्वनिक्षेपकावरून मोटारीचा क्रमांक पुकारला; पण बँडच्या आवाजांत तो कोणास ऐकूं येणार? मालक तर जेवणाच्या रांगेंत रमले होते. अखेर नवरदेव घोड्यावरून उतरला, आणि शेला सांवरीत, मोटार व भिंत ह्यांमधील फटींतून तिरका होऊन आपल्या लग्नास गेला.

आणि अवकाळी पावसाची तर गोष्टच नको! आमच्याकडील जमीन काळी. सुकली म्हणजे भेगाळते, भिजली म्हणजे लोण्यासारखी होते. एका रात्रीं एकाच सरीनें शेतांत उभ्या केलेल्या मोटारी चिखलांत रुतल्या. त्या ओढून काढण्यास ट्रॅक्टर आणावा लागला, आणि भरजरी वस्त्रें ल्यालेली मंडळी पहांटेपर्यंत खुर्च्यांवर पेंगत बसली. ज्या शेतांतून बैल हद्दपार झाले, तेथें त्या रात्रीं बैलांची आठवण पुष्कळांस झाली असेल.

ह्या गोष्टी ऐकून हंसूं येतें, आणि हंसावें हेंच योग्य. कारण ह्यांत कोणाचें फार नुकसान झालें नाहीं. परंतु हंसून झाल्यावर विचार केला तर ह्या सर्व फजित्यांचें मूळ एकच दिसतें. कोणी दिलें, कोणी घेतलें आणि कोणी सांभाळिलें, ह्याचा हिशेब कोणापाशींच नव्हता.

वास्तविक परक्याचें वाहन हाताळण्याची रीत आपणांस नवी नाहीं. शिवछत्रपतींच्या घोडदळांत शिलेदार आपला घोडा आणीत, आणि बारगिरांस घोडा सरकारांतून मिळे. बारगिराचा घोडा त्याचा स्वतःचा नव्हता; परंतु त्याची व्यवस्था लावलेली असे. २५ बारगिरांवर एक हवालदार असे, आणि २५ घोड्यांमागें पाण्यास एक पखाली व नालांस एक नालबंद असे. परक्या वाहनाच्या पाठीशीं देखरेख होती आणि निगाहि होती. आमच्या लॉनच्या दारांतील तरुणापाशीं काय असतें? एक शिट्टी आणि एक चकाकणारें जाकीट!

हिशेब नसला म्हणजे प्रकरण हंसण्यावारीं जात नाहीं, ह्याचें उदाहरण दिल्लींत घडलें आहे. १ ऑगस्ट १९९८ रोजीं रात्रीं ११ च्या सुमारास एक गृहस्थ तेथील ताजमहाल हॉटेलांत आले, आणि त्यांनीं आपली मारुती झेन मोटार किल्लीसह दारावरील सेवकाच्या स्वाधीन केली. रात्रीं १ वाजतां बाहेर येऊन पाहतात तों मोटार नाहीं! झालें असें होतें कीं, तीन तरुण स्वतःच्या मोटारींतून तेथें आले होते. परत जातांना त्यांनीं आपली मोटार आणावयास सांगितलें, आणि त्या गडबडींत त्यांपैकीं एकानें मेजावर पडलेली ह्या गृहस्थांची किल्ली उचलून मोटार पळविली. पहारेकऱ्यानें अडविण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. विमा कंपनीनें मालकास भरपाई दिली, आणि मग ती हॉटेलाकडे मागितली. हॉटेलाचें म्हणणें असें कीं, मोटार मालकाच्या जोखमीवर ठेविली जाते, हें आमच्या बिल्ल्यावर छापलेलेंच आहे.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं त्याचा निकाल लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, सेवकानें मोटार ताब्यांत घेतली तेव्हांच ती हॉटेलाकडे ठेव झाली. ठेव घेणाऱ्या मनुष्यानें आपल्या स्वतःच्या वस्तूची शहाणा मनुष्य घेतो तितकी काळजी घेतली पाहिजे, असें १८७२ च्या करारकायद्याचें १५१ वें कलम सांगतें. आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाचें उत्तर बिल्ल्यावरील छापील वाक्यानें देतां येत नाहीं. आणि सेवा फुकट होती हीहि सबब नाहीं, कारण तिचें मोल पाहुणा इतर खर्चांतून देतच असतो. आमच्या दृष्टीनें ह्या निकालांतील अत्यंत मोलाची गोष्ट ही कीं, जबाबदारी ज्या घरानें किल्ली घेतली त्या घराची आहे. ती त्या घराच्या दारांत उभ्या असलेल्या गरीब पोराच्या गळ्यांत बांधून मोकळें होतां येत नाहीं.

परंतु व्यवहारांत नेमकें हेंच घडतें, आणि हेंच आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावयाचें आहे. लग्नसराईंत आमच्या बाजूचीं कित्येक मुलें वाढण्याचें, दिव्यांचें व पार्किंगचें काम धरितात. काम करून घरास चार पैसे देणें ह्यांत कमीपणा नाहीं. आम्हांस अशा मुलांचा अभिमान वाटतो. मात्र आमच्या माहितीचा एक १७ वर्षांचा मुलगा असाच कामास लागला. मोटारसायकल चालवितां येते म्हणून मोटारहि येईल, असें कोणी ठरविलें. एका रात्रीं त्यास क्लच नसलेली मोटार मिळाली. दुसऱ्या मोटारींवर शिकलेला त्याचा डावा पाय क्लच शोधूं लागला आणि जोरानें ब्रेकवर पडला. घाबरून त्यानें उजवा पाय दाबला तो वेगाच्या कळीवर. मोटार फाटकाच्या खांबास जाऊन घांसली. दैव बलवत्तर म्हणून मध्यें कोणी मूल नव्हतें. पाहुणा त्या मुलावर ओरडला, ठेकेदार ओरडला, आणि त्याची सगळ्या हंगामाची मजुरी कापून घेण्यांत आली. किल्ली देतांना पाहुण्यानें वय विचारिलें नव्हतें, कामास ठेवितांना ठेकेदारानें परवाना पाहिला नव्हता. चुका तिघांच्या झाल्या, दंड मात्र एकानें भरिला, आणि तोहि ज्याच्यापाशीं सर्वांत थोडें होतें त्यानें.

पालकांनीं येथें कायदाहि ध्यानांत घ्यावा. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मुलास सार्वजनिक ठिकाणीं मोटार हांकतां येत नाहीं, व परवान्यावांचून तर कोणासच येत नाहीं. ज्यास परवाना नाहीं त्याच्या हातीं आपली मोटार देणें हा मालकाचाहि अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांत आणखी कठोर कलम घातलें आहे. अल्पवयी मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनाचा मालक ह्यांस ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. एका रात्रीच्या मजुरीसाठीं एवढें पणास लावावें काय?

कोणी म्हणतील, ह्यापेक्षां ही सोयच नको. ज्यानें त्यानें आपली मोटार उभी करावी आणि चालत यावें. सशक्त मनुष्यानें तसें खुशाल करावें. परंतु वृद्धांनीं, पांगळ्यांनीं, तान्हें मूल घेतलेल्या मातेनें अंधारांतून कोठवर चालावें? शिवाय रस्ता मोटारींनीं अडला तर रुग्णवाहिका कशी जाईल? म्हणून सोय असावी, पण ती नेटकी असावी, असें आमचें मत आहे.

तिच्यासाठीं फार कांहीं लागत नाहीं. यजमानानें किंवा ठेकेदारानें सज्ञान व परवाना असलेलेच चालक ठेवावे. बिल्ल्याचे दोन भाग करून एक किल्लीस बांधावा, एक पाहुण्यास द्यावा, आणि दोहोंवर मोटारीचा क्रमांक लिहावा, म्हणजे सहाचा नऊ होणार नाहीं. किल्ल्या मेजावर न पसरतां पेटींत कुलूप लावून ठेवाव्या. नुकसान झालेंच तर तें ठेकेदारानें सोसावें; मजुरास ठरलेली मजुरी मिळावी. पाहुण्यानें किल्ली टाकून न जातां ती हातांत द्यावी, मोटारीचा स्वभाव दोन शब्दांत सांगावा, मागील आसनावर कोणी निजलें नाहीं ना हें पाहावें, आणि घेणाऱ्याच्या तोंडाकडे एकदां नीट पाहावें. तें तोंड मिसरूडहि न फुटलेल्या मुलाचें असेल, तर किल्ली परत घ्यावी आणि त्यास रागें न भरतां यजमानास विचारावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कित्येकांच्या हातीं उद्यां दुसऱ्यांच्या किल्ल्या येतील. कोणी दुकानाच्या, कोणी तिजोरीच्या, कोणी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळील. ज्याची वस्तु तो त्या वेळीं समोर नसेल, आणि बैलाप्रमाणें ती वस्तुहि शिंगें रोखून तुम्हांस अडविणार नाहीं. तेव्हां अडविणारें जें असेल तें तुमच्या मनांतच असलें पाहिजे. तोंपर्यंत, जें काम अजून येत नाहीं तें ‘मला येत नाहीं’ असें मान वर करून सांगण्यास शिका. एवढें वाक्य त्या १७ वर्षांच्या मुलास बोलूं दिलें असतें, तर त्याची हंगामभराची मजुरी वांचली असती.