संसारांतील शास्त्र : मुलामा किती दिवस टिकतो?

सोन्याचा भाव तोळ्यास लाखाच्या वर गेल्यापासून मध्यम स्थितीच्या घरांत एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. लग्नमुंजींत व हळदीकुंकवास घालावयाचे दागिने मुलाम्याचे घ्यावे कीं नाहींत, आणि घेतल्यास कोणत्या जातीचे घ्यावे? पूर्वीं 'गिलिटाचा दागिना' हे शब्द हिणविण्यासाठीं वापरीत. आज तोच दागिना मखमली पेटींत बसून येतो, त्याला इंग्रजी नांव असतें, आणि किंमतही कांहीं थोडी नसते. नांवें अनेक, भाव अनेक, आणि दुकानदार तर प्रत्येकालाच 'टिकाऊ' म्हणतो. तेव्हां हा टिकाऊपणा कशावर अवलंबून असतो, हें घरांतील स्त्रीपुरुषांनीं एकदां समजून घेतलेलें बरें.

मुलाम्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची पोथी शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणांत सोनार सोनें कसें हरण करतात याचे पांच मार्ग दिले आहेत. त्यांतील 'पेटक' म्हणजे आंत शिशासारखा हीन धातु ठेवून वर सोन्याचा पत्रा चढविणें. हा पत्रा घट्ट बसविलेला आहे कीं उचलून निघण्याजोगा आहे, असा भेदही ग्रंथकारानें केला आहे. आणि कपट ओळखण्यासाठीं तापविणें, कसास लावणें, वाजवून पाहणें व ओरखडा काढणें हे उपाय सांगितले आहेत. वरचा थर किती जाड आणि तो खालच्या धातूस किती घट्ट धरून आहे, या दोन गोष्टींवरच आजही सर्व कांहीं अवलंबून आहे.

जुन्या पद्धतींत सर्वांत टिकाऊ म्हणून जिची कीर्ति आहे ती पाऱ्याच्या मुलाम्याची. सोनें पाऱ्यांत विरघळवून लोण्यासारखा गोळा करीत, तो तांब्यावर किंवा रुप्यावर चोळीत, आणि मग वस्तु विस्तवावर धरीत. पारा सुमारें ३५७ अंश सेंटिग्रेडवर उकळतो. तो वाफ होऊन उडून जाई व सोनें मागें राही. उष्णतेमुळें तें खालच्या धातूंत किंचित् मुरत असे, म्हणून असा मुलामा शतकानुशतकें टिकलेला आढळतो. परंतु ती वाफ कारागिराच्या मज्जातंतूंचा व मूत्रपिंडांचा नाश करी. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीं २०१३ सालीं झालेल्या मिनामाता करारास भारतानें २०१८ सालीं मान्यता दिली आहे. अंगावरील शोभेसाठीं दुसऱ्याचे प्राण वेचणारी ही रीति मागें पडली, याबद्दल हळहळ वाटण्याचें कारण नाहीं.

दुसरी पद्धति पत्र्याची. इंग्लंडांत शेफील्ड येथील थॉमस बोल्सोव्हर यानें १७४३ च्या सुमारास तांब्यावर रुप्याचा पत्रा उष्णतेनें जोडून दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ति काढली. 'रोल्ड गोल्ड' व 'गोल्ड फिल्ड' हीं तिचींच सोन्याचीं भावंडें. आपल्याकडील बोरमाळेंतील लाखेवर बसविलेले सोन्याचे मणी हेंही पत्र्याचेंच काम. मात्र तेथें आंत धातु नसून लाख असते. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें 'गोल्ड फिल्ड' म्हणवून घेण्यास सोन्याच्या पत्र्याचें वजन एकंदर धातूच्या निदान विसाव्या भागाइतकें असावें लागतें. लाटून केलेला पत्रा भरीव असतो, त्यांत छिद्रें राहत नाहींत, म्हणून घाम आंत शिरत नाहीं. रोजच्या वापरास मुलाम्यांत हा प्रकार सर्वांत भरंवशाचा.

तिसरी पद्धति विजेची, आणि आज बाजारांतील बहुतेक माल हिचाच. व्होल्टानें १८०० सालीं विजेचा घट केला, आणि पांचच वर्षांनीं, १८०५ सालीं, इटलींतील ब्रुन्यातेल्ली यानें विजेच्या साह्यानें सोन्याचें पुट चढवून दाखविलें. पुढें १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं सायनाइडच्या द्रावणाची रीति पेटंट करून तिचा धंदा उभारला. या रीतीनें थर हवा तितका पातळ करतां येतो, आणि फसगत होते ती येथेंच.

थोडा हिशेब करूं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन जाडीचें पुट देण्यास सुमारें १.९ मिलिग्रॅम सोनें लागतें. एखाद्या दागिन्याचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर धरला, तर अर्ध्या मायक्रॉनच्या थरास ४८ मिलिग्रॅम सोनें पुरतें. त्यावर खरोखर एक ग्रॅम सोनें चढविलें, तर थर दहा मायक्रॉनांहून जाड होईल. यावरून 'एक ग्रॅम सोन्याचा दागिना' हें नांव आज मापाचें राहिलें नसून जातीचें झालें आहे, हें ध्यानांत येईल. अमेरिकेच्या नियमांत साध्या विजेच्या मुलाम्यास निदान ०.१७५ मायक्रॉन, आणि 'भारी' म्हणविणाऱ्या मुलाम्यास २.५ मायक्रॉन थर सांगितला आहे. दोहोंत चौदा पटींचें अंतर. डोळ्यांस मात्र दोन्ही सारखेच पिवळे. रुप्यावर २.५ मायक्रॉन सोनें असलें म्हणजे त्यास 'व्हर्मील' म्हणतात.

जाडीखेरीज आणखी एक गोष्ट आहे. अति पातळ थरांत सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून घामाचे क्षार तांब्यापर्यंत पोहोंचतात आणि मानेवर हिरवट डाग उमटतो. शिवाय तांबें हळूहळू वर झिरपून सोन्यास काळपट करतें. म्हणून चांगला कारागीर मध्यें निकेलचें पुट देतो. त्यानें टिकाऊपणा वाढतो, पण कित्येकांच्या त्वचेस निकेल सोसत नाहीं. कान नुकतेच टोचलेल्या मुलींनीं तर तें टाळावें. युरोपीय संघानें या कारणास्तव १९९४ सालींच निकेलवर निर्बंध घातले. निकेलच्या जागीं पॅलेडियमचें पुटही देतां येतें, मात्र तें महाग पडतें.

चौथा प्रकार अलीकडचा. निर्वात पात्रांत धातूची वाफ करून ती दागिन्यावर बसवितात, त्यास 'पी. व्ही. डी.' म्हणतात. त्यांतील टायटॅनियम नायट्राइडचा रंग सोन्यासारखा, पण कठिणपणा शुद्ध सोन्याच्या कित्येक पटींनीं अधिक. पोलादी घड्याळावर तें फार दिवस टिकतें. मात्र त्यांत सोन्याचा कणही नसूं शकतो, आणि खालचा धातु पितळेसारखा मऊ असेल तर गादीवर कांच ठेवावी तशी गत होते: दाब पडला कीं वरचा थर तडकतो. शिवाय तो झिजल्यास गल्लींतील कारागिरास दुरुस्त करतां येत नाहीं; विजेचा मुलामा मात्र पुन्हा देतां येतो. पांढऱ्या सोन्यावरील व रुप्यावरील ऱ्होडियमचें पुटही कठीण असतें, परंतु रोज बोटांत असणाऱ्या अंगठीवर तें वर्षादोन वर्षांनीं पुन्हा द्यावें लागतें.

आतां निवड कशी करावी? झीज घर्षणानें होते, म्हणून आधीं दागिन्याची जागा पाहावी. कानांतील कुड्यांस घासणें कमी, त्यांस पातळ मुलामाही चालतो. गळ्यांतल्यास घाम लागतो, त्यांस मध्यम जाडीचा थर असावा. बांगड्या, पाटल्या व अंगठ्या रात्रंदिवस घासतात. त्यांस एक तर पत्र्याचें काम घ्यावें, नाहीं तर त्या सणापुरत्याच वापराव्या. दुकानांत 'किती दिवस टिकेल' असें विचारूं नये. 'थर किती मायक्रॉनचा, मध्यें कोणतें पुट, आणि आंतील धातु कोणता' हे तीन प्रश्न विचारून उत्तरें पावतीवर लिहून घ्यावीं. जो लिहून देत नाहीं त्याच्या तोंडच्या हमीस किंमत देऊं नये. घरीं असे दागिने राखेनें किंवा दंतमंजनानें घासूं नयेत; साध्या पाण्यानें पुसून, कोरडे करून, वेगवेगळ्या कापडांत ठेवावे. अत्तर लावून झाल्यावर दागिना घालावा, आधीं घालूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. आपल्याकडे सोनें हें स्त्रीधन आहे. आजारपणांत, शिक्षणांत, वैधव्यांत तें बाईच्या उपयोगीं पडतें. मुलाम्याच्या दागिन्यास मोडीची किंमत जवळ जवळ नसते, म्हणून मुलीस देतांना तो सोन्याच्या यादींत कधींही धरूं नये. खऱ्या सोन्यावर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला आहे. भारतीय मानक ब्यूरोची खूण, ९१६ सारखा शुद्धतेचा आंकडा व सहा अक्षरांकांचा क्रमांक त्यावर पाहावा. मुलाम्याच्या दागिन्याची पावती त्याच्याच डबीत ठेवावी, म्हणजे तीस वर्षांनीं ती पेटी उघडणाऱ्या सुनेस किंवा नातीस, अडचणीच्या वेळीं सराफाच्या पेढीवर जाऊन खालीं मान घालण्याची पाळी येणार नाहीं.